उतार बाकी असताना

शिवमूर्ती मामांनी एवढी वर्षं एसटी चालवली, पण "पोचलो" हा शब्द तोंडातून कधी काढला नाही. माहूरच्या स्टँडवर गाडी लागली की घरून नीलम्मा मामींचा फोन यायचा, "पोचलात का?" मामा नुसतं "हं" म्हणायचे. किनवटच्या डेपोत परत येऊन गाडी लावायची, खाली उतरून बॉनेटला हात लावून नमस्कार करायचा आणि मगच चहा घ्यायचा. तोवर घोटभर पाण्याशिवाय पोटात काही नाही.

मी त्यांची कंडक्टर, अयोध्या. माहेर उमरीचं, आणि स्वभाव मामांच्या अगदी उलटा. माझ्या लेकाचा पहिला दात पडला तरी मी डेपोत चिवडा वाटते. "मामा, तुम्ही हसलात तर टायर फुटतंय का हो?" असं मी त्यांना चिडवायचे. ते त्यावरही हसायचे नाहीत. आधी मला त्याचा राग यायचा. कारण कळल्यावर राग गेला, पण पटलं मात्र कधीच नाही.

कारण होते जिलानीचाचा. मामा मूळचे उदगीरकडचे, सपाटीवर गाडी चालवलेले. घाट कसा चढायचा ते त्यांना चाचांनी शिकवलं. त्या चाचांना विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळाला तेव्हा डेपोत पेढे वाटले, हार घातले, फोटो काढला. त्याच आठवड्यात माहूरच्या घाटातल्या मोठ्या वळणावर त्यांची गाडी कलंडली. प्रवासी वाचले, चाचांचा पाय गेला. तेव्हापासून मामांच्या मनानं घेतलं की चांगल्याचा गाजावाजा केला की दृष्ट लागते. स्वतःला बिल्ला मिळायचा दिवस आला तेव्हा ते आजारपणाची रजा टाकून घरात बसून राहिले. मुलगी साक्षी दहावीला तालुक्यात पहिली आली, तर घरात चिमूटभर साखरसुद्धा वाटली नाही. "ताई, बाबांचं तोंड बघून मला वाटलं मी नापासच झाले," असं तिनंच मला एकदा सांगितलं होतं.

मामांचा नोकरीचा शेवटचा दिवस आला. आमच्याकडे ड्रायव्हरची शेवटची फेरी असली की डेपोतले लोक गाडी सजवतात आणि घरच्यांना सोबत बसवतात. या वेळी त्यात पुढाकार माझाच होता, आणि मामांना कुणी विचारलंच नाही. सकाळी ते आले तर गाडीला केळीचे खांब, काचेवर झेंडूच्या माळा. पहिल्या सीटवर मामी, मागे सासरहून आलेली साक्षी आणि तिच्या मांडीवर तिचं तान्हं बाळ. कुबडी टेकत जिलानीचाचाही आले होते, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन. मामांचा चेहरा पांढराफटक पडला.

"अयोध्या, ते समदं उतरव," ते म्हणाले. "आन् यांना घरी जाऊ दे."

"बाबा," साक्षी म्हणाली, "माझ्या येळंला न्हाई झालं ते न्हाई. आज तरी असू द्या."

मामा गाडीकडे वळले. गाडीत चढताना त्यांचा पाय पायरीवरून दोनदा घसरला. ते बघून मलाही पहिल्यांदा धास्ती वाटली. सांगून टाकते, त्याआधी मी त्या घाटाला कधी भ्यायले नव्हते.

रस्त्यात मी तिकिटं फाडत होते, पण नजर आरशात दिसणाऱ्या मामांवर होती. कपाळावरचा घाम पुसायलाही ते स्टिअरिंग सोडत नव्हते. सागाचं जंगल लागलं आणि चढ सुरू झाला. गाडीतले भाविक रेणुकामातेचा उदो उदो करत होते. मला मात्र इंजिनाचा प्रत्येक आवाज वेगळाच वाटायला लागला. ब्रेक असा का वाजला, हा वास कसला, बाळ का रडतंय. आपणच हौसेनं या माणसाच्या मागे लागलो आणि आता त्याचं सगळं घर या एका गाडीत बसवलंय, हा विचार डोक्यातून जाईना.

मोठं वळण समोर दिसलं आणि तेवढ्यात वाऱ्यानं माळेचा दोरा तुटला. झेंडूची माळ सटकन काचेवर आडवी आली. मामांनी करकचून ब्रेक दाबला. उभी असलेली माणसं एकमेकांवर पडली, मामींनी किंकाळी फोडली. गाडी थांबली. डाव्या बाजूला खाली दरी होती.

मी उडी मारून खाली उतरले, मागच्या चाकाला मोठा दगड लावला आणि माळ ओढून फेकून दिली. प्रवाशांना सांगितलं, "काही न्हाई, इंजिन तापलंय." केबिनपाशी आले तर मामा दोन्ही हातांनी स्टिअरिंगला चिकटून बसलेले. 

"मला न्हाई जमायचं," ते म्हणाले. "दुसरा ड्रायव्हर बोलवा. ह्येच वळण हाय. बाळ हाय गाडीत."

 मामी रडायला लागल्या. तेव्हा जिलानीचाचा दांड्याला धरत धरत पुढे आले आणि बॉनेटजवळ बसले.

"शिवमूर्ती, त्या दिवशी म्हैस आडवी आली व्हती," ते म्हणाले. "म्हशीला काय ठावं, मी पेढा खाल्लाय का न्हाई?"

मामांची नजर वळणावरच होती.

"तू समजून राहिला की पेढ्यानं माझा पाय नेला. येडा हायस. पाय जायाचाच व्हता, गेला. पण दवाखान्यात पडून व्हतो, तवा माझी घरवाली रहमतबी रोज त्यो हाराचा फोटो दाखवायची. म्हणायची, बघा, ह्ये तुमीच हाव. पेढा खाल्ला नसता, तर पाय बी गेला असता आन् पेढा बी."

मामांनी चाचांच्या विजारीच्या रिकाम्या पायाकडे बघितलं. मग मला म्हणाले, "दगड काढ."

वळण त्यांनी कसं घेतलं ते मला सांगता येणार नाही, कारण मी डोळे मिटून घेतले होते. डोळे उघडले तेव्हा माहूरची घरं दिसत होती.

स्टँडवर गाडी लागली. प्रवासी उतरले. त्या दिवशी घरून फोन येणार नव्हता, मामी तर गाडीतच होत्या. त्या उठून केबिनपाशी आल्या आणि रोजच्यासारखं विचारलं, "पोचलात का?"

मामांनी त्यांच्याकडे बघितलं, साक्षीकडे बघितलं.  

"पोचलो," ते म्हणाले. "पोचलो, नीलम्मा."

मामी तोंडाला पदर लावून रडल्या. चाचांनी पुडा उघडून पुढे केला, आणि माझीच जीभ अशी कशी वळली कोण जाणे. ज्या बाईनं आयुष्यभर चिवडा वाटला, ती मी घाबरून ओरडले, "मामा, आत्ता नका खाऊ! डेपोत गेल्यावर खा. उतार बाकी हाय अजून!"

"उतार रोजच बाकी असतोय, पोरी," मामा म्हणाले.

त्यांनी पेढा उचलला. अर्धा मोडून साक्षीच्या हातात दिला आणि म्हणाले, "ह्यो तुझ्या दहावीचा." उरलेला अर्धा तोंडात टाकला. पेढ्याचा चुरा शर्टावर सांडला. भीती काही गेली नव्हती, ना त्यांची ना माझी. त्यांनी गाडी सुरू केली, आरशात बाळाकडे एकदा बघून घेतलं, आणि मी दोनदा बेल दिली.