काहीच न करण्याचं उद्घाटन

माझी धाकटी मावशी शास्त्रज्ञ आहे, पण घरात सगळे तिला चिखलमावशी म्हणतात. रबरी होडीत बसून तळ्याच्या तळातला चिखल लांब नळ्यांत भरून आणायचा आणि प्रयोगशाळेत जागा नसली की घरच्या फ्रीजमध्ये दुधाशेजारी ठेवायचा, हे तिचं काम. काकांनी त्यावर बोलणं कधीच सोडून दिलंय.

शहरातल्या तळ्याचा अभ्यास करून तिने पालिकेला अहवाल दिला. काठची दलदल शतकानुशतकं हवेतला कार्बन गिळून चिखलात दाबून ठेवतेय. ती उकरली, वाळवली, तर तो परत हवेत जाईल. म्हणजे काही करू नका. एवढंच सांगायला मावशीने उशाला घेता येईल इतकं जाड बाड लिहिलं होतं. पालिकेत कुणी मुखपृष्ठापलीकडे गेलं नाही.

मुख्य अभियंत्यांनी तिला बोलावलं. त्यांच्या खुर्चीमागे भिंतभर चित्र होतं: त्याच तळ्याला फरशीचा काठ, रंगीत कारंजी, फुगे घेतलेली मुलं.

"मॅडम, हवामान बदलावर आम्हाला काहीतरी ठोस करायचंय."

"आहे तसं राहू द्या. तेच ठोस."

"ते बरोबर आहे हो. पण काहीच न करण्याचं उद्घाटन कसं करायचं?"

मावशीला वाटलं, साहेब चेष्टा करताहेत. पण लवकरच पोकलेन आले. पूर्वेचा काठ खरवडून फरशी बसली, कारंजी उडाली. चिखल माळावर पसरून वाळवला. पाण्यातली घाण शोषणारी दलदलच गेल्याने उन्हाळ्यात पाणी हिरवं पडलं, मासे मरून तरंगले, कारंजी बघायला आलेले लोक नाकाला रुमाल लावून परतले. चौकशी समिती बसली आणि सगळा दोष उन्हावर ढकलून उठली.

मावशी आमच्याकडे येऊन आईपाशी खूप रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "ताई, चूक माझीही आहे. मी त्यांना कळेल असं लिहिलंच नाही."

पश्चिमेची दलदल अजून शाबूत होती. तिच्यासाठी मावशीने एका पानाचा प्रस्ताव दिला: 'जल-कार्बन तिजोरी प्रकल्प'. खोदकाम नाही, बांधकाम नाही. फक्त एक फलक, त्यावर नगराध्यक्षांचा हसरा फोटो. प्रस्ताव हातोहात मंजूर झाला.

उद्घाटनाला नगराध्यक्ष फीत कापायला पुढे सरसावले आणि पोटरीपर्यंत रुतले. दोघांनी काखेत धरून ओढलं. पाय आला, बूट आतच राहिला.

"साहेब, इथे आत गेलेलं सहसा बाहेर येत नाही," मावशी गंभीरपणे म्हणाली. "हेच या दलदलीचं काम."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नगराध्यक्षांनीही वाजवल्या, एका पायावर उभं राहून.

पुढे या प्रकल्पाला पर्यावरणाचा पुरस्कार मिळाला. तो घ्यायला अभियंते विमानाने गेले. मावशीला कळवायचं राहून गेलं.

ती आता पूर्वेच्या नासलेल्या काठावरच जास्त असते. फरशीला पडलेल्या भेगांत लव्हाळ्याची मुळं खोचते. मी विचारलं, हा काठ पूर्वीसारखा व्हायला किती वर्षं लागतील?

"माझ्या हयातीत तरी नाही," ती म्हणाली. "ती दुसरी जुडी दे इकडे."