एकटीचा भात

आत्याआजी, तू एकटी होतीस म्हणून प्रत्येक कामाला हात वर करायचीस, की हात वर करत गेलीस म्हणून एकटी राहिलीस?

मला माहीत नाही. आता विचारायलाही कोणी नाही.

आज सकाळी ती गेली.

माझ्या आजोबांची धाकटी बहीण. सातवी पास. साठच्या दशकातली ग्रामसेविका.

ब्लॉक ऑफिसात साहेबांनी विचारलं होतं, "श्रीवर्धनच्या कोळीवाड्यात बायकांचा साक्षरता वर्ग काढायचाय. कोण जाईल?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या.
पालीकडच्या भातशेतीत वाढलेल्या, समुद्र कधी न पाहिलेल्या हिने हात वर केला.

"का गं?" मी विचारायचे.
"नवीन काही शिकायला मिळेल म्हणून. आणि मला मुख्यसेविका व्हायचं होतं. लपवू कशाला?"

वर्ग ठेवला दुपारी तीनला. सतरंजी घातली, पाट्या मांडल्या.
एकही बाई आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.
संध्याकाळपर्यंत एकटीच बसून राहिली.

मग बंदरावर गेली. तिथे चांगुणाबाई नावाच्या कोळीणबाई मासळीची टोपली भरत होत्या.

"बाय, भरतीबरोबर होड्या येतात. मावरं तुझ्या घड्याळासाठी थांबंल व्हय?"
"मग उद्या चारला ठेवू?"
"उद्या भरती पुढं सरकंल, परवा आनखी पुढं. तू काय तिच्या मागं धावनार?"
बंदरावरच्या सगळ्या बायका खो खो हसल्या.
"धावेन की," ही म्हणाली.

आणि धावली. वर्गाची वेळ रोज निराळी, होड्या बाहेर असतील तेव्हाची.
बायका आल्या. चांगुणाबाई सगळ्यात आधी सही शिकल्या.

त्यानंतर जिथे कोणी जाईना, तिथे हिचं नाव. मुख्यसेविका झाली.
दर बदलीला नवी खोली, तोच स्टोव्ह, तेच एक ताट.

"सगळं जमलं गं," म्हणायची. "एकटीपुरता भात लावणं मात्र नाही जमलं. कितीही कमी घ्या, उरतोच."

गेल्या आठवड्यात माझ्या ऑफिसात किनाऱ्यावरच्या पाण्याच्या प्रोजेक्टसाठी नावं मागवली. सहा महिने बाहेर राहायचं.
मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. मला पुढे जायचंय. पण तिच्यासारखं राहायची भीतीही वाटते.
तिला फोन केला. वाटलं, लगेच म्हणेल, जा.

"जेवायला कोण आहे बरोबर?"
"कोणी नाही."
'जा' न म्हणताच तिने फोन ठेवला.

आज तुला पुन्हा फोन करणार होते, आत्याआजी.
नीट जा.

काल शेजारच्या टेबलावरच्या सायलीला विचारलं, "येतेस का?"
दोघींची नावं दिली आहेत.