सूर्याचे डाग आणि घाटंजीची बैलजोडी

"मंजू, तुये भाऊजी बैलजोडी इकून राह्यले! मोबाइलवर एक व्हिडिओवाला सांगते, सूर्यावर डाग पडले, औंदा पाणीच नाही. तू ये न वं!"

माझी चुलत बहीण कुंदाताई फोनवर रडकुंडीला आली होती. मी नागपूरच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि सुट्टीत दुर्बिणीत डोळा घालून बसते. मे महिन्यात घाटंजीला कोणी फिरायला जात नाही. मी निघाले.

यवतमाळपर्यंत एसटी. बायकांना अर्धं तिकीट, पण दुर्बिणीच्या पेटीकडे कंडक्टर संशयाने बघत होता.

"काय हाय हे?"

"सूर्य बघायचं यंत्र."

"खिडकीत बसा मॅडम, फुकट दिसते!"

यवतमाळच्या स्टँडवर तर्रीत बुडवलेला आलूबोंडा खा, पण पुढची गाडी सकाळचीच धरा. उन्हं चढल्यावर गाडीची सीटही तव्यासारखी तापते. घाटंजीच्या वाटेवर दोन्हीकडे नांगरलेली काळी वावरं आणि पानं झडलेले साग.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैल घ्यायला गिऱ्हाईक अंगणात हजर. मी घाईघाईने दुर्बीण लावली, पुढे सूर्याचा खास फिल्टर बसवला. (त्याच्याशिवाय कधीच बघू नका, डोळे जातील.) भाऊजी वाकले आणि ओरडले, "हाय ना डाग! म्या म्हणलंच होतं!"

झालं! सगळं माझ्यावरच उलटलं.

मग मी सांगत सुटले. हे डाग साधारण अकरा वर्षांच्या चक्राने वाढतात, कमी होतात. डाग जास्त असले की सूर्य उलट किंचित जास्तच तापतो. त्या जादा किरणांनी वरची हवा तापते, वारे थोडे सरकतात. समुद्र ती ऊब हळूहळू पोटात घेतो, मग वाफ आणि वारे थोडे बदलतात. पण हा फरक फार लहान. एका वर्षाचा पाऊस त्यावरून ठरत नाही.

"मंग माया वावरात पाणी येईन का नाही?"

"ते डाग बघून मला नाही सांगता येत, भाऊजी."

"मंग त्या व्हिडिओवाल्याले कसं सांगता येते?" कुंदाताईने विचारलं.

भाऊजी बैलाची पाठ खाजवायला लागले. गिऱ्हाईक कंटाळलं. "सौदा करता का जाऊ मी?"

"जाय बाप्पा. मले पेरणी करा लागते."

ताईने जेवायला वांग्याची भाजी, भाकर आणि आंब्याचा रस केला. माझ्या डोक्यात मात्र एकच होतं. पाऊस खरंच दगा देऊन गेला तर?

नागपूरला परतल्यावर रोज सकाळी आधी आभाळ बघायची सवय लागली. श्रावणात भाऊजींचा फोन आला. मी पहिल्याच रिंगला उचलला.

"मंजू, आपल्या वावरात मस्त पडलं. नाल्यापलीकडं थेंब नाही. सूर्य तं दोघायचा एकच हाय ना? मंग असं काहून?"

ढग, वारे, समुद्र, सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला बराच वेळ लागला. भाऊजींनी फोन ठेवला नाही.