विहिरीवरची लेओकादिया

लेओकादियाचं लोक एवढं का ऐकत, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. दिसायला काडी, आवाज मात्र खणखणीत. सान अगुस्तीनची ती सुईण आणि निम्म्या पोरांची धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्याला पोर हातात धरणारी मानलेली आई. आम्हा स्पॅनिशांच्या फ्लोरिडात धर्ममातेला उलट बोलत नाहीत, हे खरं. पण तेवढ्यानं का किल्ला टिकतो?

इंग्रजांनी वेढा घातला आणि सगळं गाव किल्ल्यात शिरलं. समोर त्यांचा जमिनीवरचा सेनापती एक सांगे, गलबतांवरचा दुसरंच. एक तोफा डागे तेव्हा दुसरा जेवायला बसलेला! आम्ही तरी कुठले शहाणे? पहिल्याच दिवशी विहिरीवर बायकांनी एकमेकींच्या झिंज्या उपटल्या. किल्ला समुद्राला चिकटून. भरमसाट उपसा झाला की विहिरीत खारं पाणी शिरतं. मग तहानेपायी किल्ल्याचं दार आम्हीच इंग्रजांना उघडलं असतं.

लेओकादिया उठली, काठावर बसली आणि दोर मांडीखाली घेतला. "माणशी एक तांब्या! मध्ये घुसेल तिच्या पोरांची धर्ममाता मीच आहे, लक्षात ठेवा!"

कप्तानाच्या बायकोची मोलकरीण धुण्यासाठी बादली घेऊन आली.

"बाईंना म्हणावं, अंग खाजलं तर खाजवा," लेओकादिया म्हणाली. रांग खो खो हसली.

मग तिचीच लेक तोमासा आली, ओली बाळंतीण. "आई, दूध आटलंय गं. अजून एक तांब्या दे."

हसणं थांबलं. "अगं, दे की! पोर मरेल!" मी ओरडले.

"माझ्या वाटणीचं सकाळीच दिलं हिला. आता हिला दिलं, तर उद्या त्या बादलीला नाही कोणत्या तोंडानं म्हणू?"

"आई कसली, कैदाशीण आहेस तू!" तोमासा रडत गेली. माझ्या सुनेनं आपल्या बाळाबरोबर तिच्याही बाळाला पाजलं.

दुसऱ्या दिवशी कप्तानाची बायको स्वतः तांब्या घेऊन रांगेत उभी! विहिरीचं पाणी शेवटपर्यंत गोडं राहिलं आणि इंग्रज आपसात भांडतच निघून गेले.

तोमासाचा मुलगा आता घोड्यावर बसतो. तोमासा मात्र आईशी बोलत नाही; समोर दिसली की रस्ता बदलते.

एकदा मी विचारलंच, "वाईट नाही वाटत?"

"वाटतं की. रोज वाटतं," लेओकादिया म्हणाली. "पण रुसायला जिवंत आहे ना माझी पोर?"