डाव्या कोपऱ्याची जागा

आमची म्हातारी पौषात गेली. चार दिवस ताप आला आणि पाचव्या दिवशी सगळं संपलं. तेव्हापासून माझे पाय घरात ठरत नाहीत. दुःख छातीत होतं असं लोक सांगतात. माझं पायांत उतरलं. जेवायला बसतो तर अर्धी भाकरी टाकून उठतो. पडवीतून खळ्यात म्हणजे पुढच्या अंगणात, खळ्यातून रस्त्यावर, तिथून नाक्यावर. पंच्याहत्तरी उलटल्यापासून एसटीला तिकीट पडत नाही, त्यामुळं तर पायांना जास्तच चेव चढला. एकदा असाच आगरदांड्यापर्यंत गेलो आणि फेरीबोटीत बसलो. दिघीला सगळे उतरले, मी बसून राहिलो.

बोटीवरचा माणूस म्हणाला, "बाबा, दिघी आली."

"दिसतंय मला. मला दिघीत काम न्हाय."

"मग आलास कशाला?"

मी त्याच्या हातात परतीचे पैसे ठेवले. तसाच परत आलो.

ती होती तेव्हा हे चाललं नसतं. मी बाहेर निघालो की ती दारात आडवी. उजवा हात चौकटीवर, डावा कमरेवर. "अवो, चहा घेऊन जावा." मी डावीकडून घुसलो तर ती डावीकडं, उजवीकडून गेलो तर उजवीकडं. अंगानं एवढीशी बाई, पण तिनं सोडल्याशिवाय मी त्या दारातून कधी बाहेर पडलो नाही. आणि मी काही साधा गडी नव्हतो. दिवसभर मिठागरात राबायचो आणि संध्याकाळी कबड्डी खेळायचो. डावा कोपरा. माझ्या हातात ज्याचा घोटा आला तो सुटला, असं मला आठवत नाही. विसरलो असेन तर विसरलो.

कोपरा म्हणजे काय ते सांगतो. चढाई करणारा गडी दम धरून आपल्या अंगणात येतो. दोन्ही टोकांना दोघं उभे असतात ते कोपरे. त्यांनी वाट बघायची. गड्यानं पाठ फिरवली की घोट्यावर झेप. सगळं काम थांबण्याचं. ज्याला थांबता येतं तो कोपरा.

आता मला घरात पाच मिनिटं थांबता येत नाही, ही गोष्ट वेगळी.

यंदा आमच्या घरी शिमगा नव्हता. दुखवट्याचं वर्ष, त्यामुळं पोळी नाही, होळीला नारळ नाही. त्याच दिवसांत नातीच्या कॉलेजात मुलींच्या कबड्डीचा सराव सुरू झाला. नात दुसऱ्या वर्षाला आहे. जुन्या पोरी पास होऊन गेल्या, म्हणून पुढच्या हंगामासाठी सातही जागा नव्यानं भरायच्या होत्या. सकाळी सहाला पत्र्याच्या शेडमध्ये वीस-बावीस पोरी यायच्या. सात जागांना वीस, म्हणजे एकेका जागेवर दोघी-तिघी. आमची मागत होती डावा कोपरा. माझाच.

तिच्या बापानं, म्हणजे माझ्या मुलानं, आधीच सांगून टाकलं होतं. तो ट्रेलर चालवतो, चार-चार दिवस घरी नसतो, त्यामुळं जे बोलायचं ते एका दमात बोलतो. "यंदा सातात आलीस तर खेळ. न्हाय आलीस तर बूट विकायचे आणि कॉम्प्युटरच्या क्लासला जायचं. गेल्या हंगामात बाकावर बसलीस, त्याच्या आदल्या हंगामात पाणी वाटलंस. बस झालं."

 संध्याकाळी पोरगी खळ्यात आली आणि मला म्हणाली, "आजा, मला कोपरा शिकव."

मला तेवढंच पाहिजे होतं. पायांना काम मिळालं.

आमचं खळं अजून मातीचं आहे. म्हातारी ते शेणानं सारवायची, आता सून सारवते. मी मधे रेघ ओढली. मीच चढाई करायचो, म्हणजे कसली, काठी टेकत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचो. तिला म्हटलं, "बाय, माझ्या तोंडाकडं बघू नको. हाताकडं बघू नको. टाचेकडं बघ. गडी वळायच्या आधी टाच माती उकरते. थोडी धूळ उडते, कर्र आवाज येतो. तो आवाज आला की झेप. त्याच्या आधी हललीस तर मेलीस."

"आणि आवाज न्हाय आला तर?"

"येतो. माती कधी गप बसत न्हाय."

पंधरा दिवस मी तिला बसवलं. गुडघ्यात वाकून, हात पुढं, नजर खाली. ती सारखी उठायची, पुढं धावायची, माझ्या वाटेत यायची. मी काठीनं तिच्या पोटरीवर हलकेच मारायचो. "जाग्यावर! कोपरा सोडायचा न्हाय." हळूहळू तिला जमलं. माझी टाच जरा कुठं रुतली की दोन्ही हात घोट्यावर. एकदा मी खाली पडलो. सून आतून ओरडत आली, "मामा, हाडं मोडायचीत आता!" मी म्हटलं, "मोडू दे, पकड बरोबर होती."

म्हातारी गेल्यावर मी पहिल्यांदा त्या दिवशी पोटभर जेवलो.

मग परीक्षेचा दिवस आला. पेपराची नाही, जागेची. शनिवारी सकाळी डाव्या कोपऱ्याला दोघीच उरल्या होत्या. एक आमची आणि दुसरी खाडीपलीकडच्या गावची, उंच, हडकुळी, कायम च्युइंगम चघळणारी. शिकवणाऱ्या मॅडमनी ठरवलं होतं, एकीवर दहा चढाया, दुसरीवर दहा. मी शेडच्या दारात जाऊन उभा राहिलो. खुर्ची दिली होती, बसलो नाही.

शेडमध्ये शिरल्या शिरल्या मला एक गोष्ट दिसायला हवी होती. दिसली पण आणि दिसली नाही पण. खाली माती नव्हती. रबराच्या जाड गाद्या होत्या, एकमेकीत अडकवलेल्या, आणि पोरींच्या पायांत बूट. टीव्हीवर मी शंभरदा बघितलंय. पण टीव्हीतली कबड्डी वेगळी आणि आपली वेगळी असं माझं डोकं. आपल्या पोरींच्या पायांखालची माती कुणी काढून नेली असेल, हे माझ्या मनातच आलं नाही. आणि पोरीनंही मला सांगितलं नाही. नंतर विचारलं तर म्हणाली, "तुला माहीत असंल असं वाटलं. आणि तू जेवायला लागला होतास."

पहिली चढाई झाली. आमची कोपऱ्यात वाकून बसली, नजर टाचेवर. चढाईवाली आली, बोट लावलं, वळली, गेली. आमची हललीच नाही. दुसरी, तिसरी, तेच. धूळ उडायची वाट बघत बसली बिचारी. गादीवर कसली धूळ? बूट वळतो तो मांजराच्या पावलासारखा, ना आवाज ना खूण.

मला राहवलं नाही. दारातून ओरडलो, "टाच बघ, बाय, टाच!"

शिट्टी वाजली. मॅडम माझ्याकडं वळल्या. "आजोबा, इथं टाच दिसत नाही. बूट आहेत."

सगळ्या पोरी हसल्या. ती हडकुळी पण हसली, च्युइंगम दाखवून. आमची तेवढी हसली नाही. तिनं माझ्याकडं बघितलं पण नाही.

त्याच्यानंतर ती बिथरली. कोपरा सोडून पुढंच धावायला लागली. तीन चढाया अशा झाल्या की ती भलतीकडंच, मधे, मध्यरेषेच्या वाटेवर जाऊन आडवी उभी. मी डोक्याला हात लावला. दहात तिच्या कोपऱ्याच्या पकडी झाल्या एक की दोन. हडकुळीनं निम्म्याच्या वर पकडल्या.

मी बाहेर पडलो ते नाक्यावर गेलो आणि मिळेल त्या एसटीत बसलो. कुठली गाडी होती ते अलिबागच्या स्टँडवर उतरल्यावर कळलं. तिथून परत दुसरी. दिवसभर हेच. खिडकीतून बघायचं आणि मनात एकच. पोरीचा खेळ मी बुडवला. पंधरा दिवस तिला खोट्या जमिनीवर उभं केलं.

घरी आलो तर ती पडवीत बसलेली. बूट शेजारी काढून ठेवलेले, नाड्या बांधलेल्या, विकायला काढल्यासारखे.

"आजा, तुझ्यामुळं गेली माझी जागा."

"व्हय," मी म्हटलं. "माझ्यामुळंच गेली."

तिला वाटलं असेल मी भांडेन. भांडलो असतो तर बरं झालं असतं. ती रडली नाही, नुसती आत गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार असूनही सराव होता. ती गेली नाही. मी गेलो. सहाच्या आधी जाऊन शेडच्या कुलपापाशी उभा राहिलो. मॅडम स्कूटरवरून आल्या.

"मॅडम, दोष माझा हाय. मी तिला मातीवरचं शिकवलं. तिला अजून दहा चढाया द्या. मी दारात न्हाय उभा राहणार. रस्त्याच्या पलीकडं उभा राहतो, पायजे तर."

मॅडमनी कुलूप काढलं. मग म्हणाल्या, "आजोबा, हजार चढाया दिल्या तरी ती कोपरा होणार नाही. तुम्ही तिला थांबायला शिकवता. तिच्या अंगात थांबणंच नाही. काल ती तीनदा कोपरा सोडून मधे गेली, आठवतं?"

"डोक्याला हात लावला मी."

"तुम्ही डोक्याला हात लावला म्हणून पुढचं बघितलं नाही. तिन्ही वेळा चढाईवाली परत गेलीच नाही. ही वाटेत उभी होती. कव्हरला मला तीच पाहिजे होती. काल सांगणार होते, तर ती निघून गेली. आणि तुम्ही पण."

कव्हर म्हणजे कोपऱ्याच्या आतला गडी. घोटे धरणं त्याचं काम नाही. चढाईवाला परत आपल्या घरी जायला निघाला की त्याची वाट अडवायची, अंगावर घ्यायचं, जाऊ द्यायचं नाही. माझ्या काळात आम्ही त्याला फार मान देत नव्हतो. अडवणं काय, कुणालाही जमतं असं वाटायचं.

"पण पक्कं नाही हं," मॅडम म्हणाल्या. "तिथं पण दोघी आहेत. आज खेळवून बघते. आणा तिला."

मी आयुष्यात एवढा भरभर चाललो नसेन. ती अंथरुणात होती. मी पांघरूण ओढलं. "ऊठ. बूट घाल. कव्हर."

"मला कव्हर नको. मला कोपरा पायजे."

"कोपरा गेला. माझा होता, माझ्याबरोबर संपला. ऊठ म्हणतो ना!"

मी कबूल केल्याप्रमाणे रस्त्याच्या पलीकडं उभा राहिलो. शेडचं दार उघडं होतं, तेवढ्या फटीतून दिसत होतं. चढाईवाली आली, बोट लावलं, वळली आणि आमची तिच्यापुढं जाऊन उभी राहिली. झेप नाही, आरडाओरडा नाही. ती डावीकडं गेली, ही डावीकडं. उजवीकडं गेली, ही उजवीकडं. मग खांदा लावून तिला बाहेर काढली. एक हात पुढं आणि दुसरा कमरेपाशी.

मी रस्त्यावरच खाली बसलो. एक रिक्षावाला थांबला, "बाबा, काय होतंय?" म्हटलं, "काय न्हाय, जा तू." पंधरा दिवस त्या अडवण्यालाच मी काठी मारून खाली बसवत होतो. एवढी वर्षं ज्या बाईनं मला दारात अडवलं तिला मी पोरीत ओळखलं नाही, आणि परक्या मॅडमनी ओळखलं, तिला कधी न बघता.

सात जणींची यादी गुरुवारी लागली. डावा कोपरा हडकुळीला. उजवं कव्हर आमच्या पोरीला. मुलाला फोन केला तर तो म्हणाला, "कोपरा न्हाय मिळाला ना शेवटी?" मी म्हटलं, "सातात आली. तू सात म्हणालेलास. आता गप गाडी चालव."

पोरीनं माझ्याशी धड बोलायला आणखी चार दिवस घेतले. काल संध्याकाळी माझे पाय परत वळवळायला लागले. साडेपाचची गाडी मिळाली असती. चपला घातल्या, टोपी घेतली, निघालो. तर ही दारात.

"आजा, जाऊन दाखव बाहेर. सराव हाय माझा."

मी डावीकडून गेलो. ती डावीकडं. उजवीकडं हुलकावणी दिली, जुनी हुलकावणी, भल्याभल्यांना फसवलेली. ती तिथंच. चौकटीवर तिचा डावा हात होता. म्हातारीचा उजवा असायचा. काठी आडवी घातली तर म्हणाली, "काठी चालत न्हाय, फाऊल."

नाक्यावर गाडी आली आणि हॉर्न वाजवून गेली. मी चपला काढल्या आणि पडवीत बसलो. पाय अजून हलत होते, पण बसलो.

"अडवलंस ना?" मी म्हटलं. "मग आता चहा ठेव."