घर आठवणारा कैदी

चांद्याच्या तुरुंगात कैद्यांनी विणलेल्या टोपल्या मी माझ्या मोहफुलांच्या धंद्यासाठी घेत असे. तिथला एक कैदी मला अजून स्वप्नातल्यासारखा दिसतो. विणताना तो डोळे मिटून घ्यायचा, बोटं आपोआप चालत. चैत्रातल्या एका सकाळी भिंतीपलीकडून मोहाचा वास आला, तसा तो हळूच म्हणाला, “शेटजी, हा वास आला का मले घर दिसते. साहेबाले सांगून मले सोडवा ना.”

तुरुंगाचे साहेब माझं ऐकत. शिवाय माझा मोहफुलांचा ठेका एका बड्या माणसाने लबाडीने हिसकावला होता, म्हणून दुःख सांगणाऱ्यापुढे मी विरघळायचो. मी हो म्हणणारच होतो. पण त्याचा गुन्हा मला ठाऊक होता. पहाटे एकटीने मोह वेचणाऱ्या मुलीवर त्याने बलात्कार केला होता. तिच्या घरच्यांनी त्या झाडाकडे जाणंच सोडलं; फुलं तिथेच कुजतात.

“अन् ते पोरगी?” मी विचारलं.

“तिले काय झालं? ते तं घरीच हाय.”

मी हातातली टोपली फेकली. “मंग इथीच सड!”

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मीच त्याच्यावर मोठा अन्याय केल्यासारखा तो माझ्याकडे पाहत राहिला.