निवडलेले वाटाणे

गुणाजी, ऐक. तुला बोलता येत नाही म्हणून आजवर सगळे तुझ्या वतीने बोलले. मीही तेच करणार आहे, पण खरं बोलेन. बस तिथे आणि उगाच मान डोलावू नकोस.

गुणाजी परब चाळिशीचा. गिरणीचा संप लांबला तेव्हा त्याने घाटकोपरच्या एका वर्कशॉपात लोखंड कातायचा लेथ धरला. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात शिडी सरकली आणि डोकं फरशीवर आपटलं. जीव वाचला, उजवा हात लुळा पडला, बोलणं गेलं. उरला एकच शब्द, "हो." भूक लागली तरी हो, नको असलं तरी हो. मालक म्हणाला, दिवाळीपर्यंत तुझा लेथ कुणाला देत नाही, हात चालता करून ये.

इस्पितळातल्या व्यायामाच्या मॅडमनी काम दिलं. वाटाणे, चणे, मूग एकत्र करायचे, उजव्या हाताने एकेक दाणा उचलून निवडायचे आणि मंगळवारी तीन पुड्या दाखवायला आणायच्या.

पहिल्या दिवशी गुणाजी ताट घेऊन दाराशी बसला. तासाभरात अकरा वाटाणे झाले. बारावा चिमटीत येतोय तोच गॅलरीतून चाळीतली मालन गेली.

"काय गो वनमाला, घोवाक कडधान्य निवडूक बसयलंस?"

वनमालाची कानशिलं तापली. तिने नवऱ्यापुढचं ताट ओढलं. "राहू दे हो. मी करते ना पटकन."

"हो," गुणाजी म्हणाला. त्याला नाही म्हणायचं होतं.

मग ते रोजचंच झालं. बटणं ती लावायची, घास ती भरवायची, मूगही तीच निवडायची. पोराचा गृहपाठ आईने उरकावा तसं. सगळं मायेने, त्यामुळे चिडायचीही सोय नाही. गुणाजी भिंतीला टेकून तिची चपळ बोटं बघत राहायचा. मांडीवरचा हात दुसऱ्या कुणीतरी ठेवून गेल्यासारखा पडलेला.

सप्टेंबरात मॅडमनी पुड्या उघडल्या. मागे तीस माणसांची रांग. "वा! एक दाणा चुकला नाही. स्वतः केलंत ना?"

"हो."

शब्द सुटला तसा त्याने डाव्या हाताने तिन्ही पुड्या टेबलावर उपड्या केल्या, दाणे कालवले आणि उजवा हात उचलून त्यांत ठेवला. बघा, आता बोटं मिटतही नाहीत. चार मूग घरंगळत खाली गेले.

मॅडम वनमालाला म्हणाल्या, "डोक्याच्या मारानंतर अशी चिडचिड होते. गोळी लिहून देते. हात सुधारलाय, आता महिन्याने आलात तरी चालेल."

वनमाला वाकून दाणे वेचत राहिली.

संध्याकाळी तो शेजारच्या दारात उभा राहिला, केसपेपर पुढे धरून. ती शेजारीण मी, शाळेतून निवृत्त झालेली, चाळीतल्या सगळ्यांना अक्कल शिकवणारी.

"दाणे वनमाला निवडते, असंच ना?"

"हो." या खेपेला त्याला होच म्हणायचं होतं.

"ठेव तो कागद. मंगळवारी येते तुझ्याबरोबर, सांगते त्या मॅडमना."

मंगळवारी तो आठ वाजता माझ्या दाराशी स्टुलावर येऊन बसला. मुलुंडहून माझी नणंद आली होती. पुढच्या मंगळवारी माझी दाढ दुखत होती. तिसऱ्या मंगळवारी काहीच नव्हतं, मी नुसतंच म्हटलं, "आता पुढच्या आठवड्यात जाऊ रे."

"हो," तू म्हणालास.

दिवाळीनंतर तुझा लेथ वर्कशॉपातल्या धोंडूला मिळाला. केसपेपर अजून माझ्या कपाटात आहे.